पाद्री होण्याचा खर्च

1900च्या सुमारास इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये पाद्री होण्याची ओढ कोणालाही लागू शकत होती. ती पुरी होणं मात्र बहुधा खिशावर ठरे. आधी पदवी, मग धर्मशिक्षण, आणि खर्च घरचा. मग देव काय फक्त सधनांनाच बोलावतो?

यॉर्कशायरमधल्या मिरफिल्डच्या व्रतस्थ बंधूंना हा प्रश्न टोचला. त्यांचा ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’ हा संघ चार्ल्स गोर यांनी 1892 साली काढलेला. संघप्रमुख वॉल्टर फ्रिअर यांच्या काळात, 1902 मध्ये, संघाने स्वतःचं कॉलेज काढलं. ऐपत नसलेल्या तरुणांनी लीड्स विद्यापीठाची पदवी घ्यायची, नंतर मिरफिल्डला धर्मशास्त्र शिकायचं. गंमत म्हणजे गोर स्वतः सरदार घराण्यातले, हॅरो आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले! श्रद्धेला सामाजिक न्यायापासून तोडता येत नाही, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मिरफिल्डच्या कॉलेजात वर्गातल्या शिक्षणाइतकंच महत्त्व चॅपेलला. दिवस प्रार्थनेच्या वेळांवर चाले.

संघाचं एक कॉलेज जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिलमध्येही होतं, सेंट पीटर्स. कृष्णवर्णीयांना दुय्यम शिक्षण देणाऱ्या बांटू शिक्षण कायद्याच्या निषेधार्थ शिक्षकाची नोकरी सोडणारे डेझ्मंड टूटू तिथेच शिकले आणि 1960 मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. जोहान्सबर्गच्याच सोफियाटाउन वस्तीतल्या कृष्णवर्णीयांसाठी वर्णभेदी सरकारशी भांडणारे ट्रेव्हर हडलस्टन हेही याच संघाचे.