घरमालक, भाडेकरू आणि दिवाळीचे ताट

पुण्याच्या एका जुन्या पेठेत ज्यांचा वाडा आहे असे एक माळकरी गृहस्थ वसुबारस आठ दिवसांवर आली असता मजकडे आले आणि म्हणाले, “बुवा, एक शंका आहे. शास्त्राची नाही, घरातलीच आहे. पण तिच्यापायी चार दिवस घरात धुसफूस चालली आहे.”

शंका अशी. वाड्यात पाच बिऱ्हाडे. जुनी, वडिलांच्या वेळची. दर दिवाळीला ह्यांच्या घरातून पाचही बिऱ्हाडांना फराळाचे ताट जाते. यंदा मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही हे बंद करा. वर्षाचे सगळे भाडे गोळा केले तरी घरपट्टी भागत नाही. ते आपल्या जागेत बसलेत, आणि वर आपण त्यांना चकल्या वाढायच्या?” धाकट्याचे म्हणणे निराळे. तो म्हणाला, “द्यायचेच तर नीट द्या. प्रत्येकाला मिठाईचा पुडा आणि पाचशे रुपयांचे पाकीट. म्हणजे उपकार लक्षात राहतील, उद्या वाडा बांधायला काढला तर सह्या करताना अडवणार नाहीत.” गृहस्थांच्या पत्नी दोघांचेही ऐकायला तयार नाहीत. “मी ताटे करणार,” एवढेच त्यांचे उत्तर. गृहस्थ मला विचारीत होते, तिघांत धर्माला धरून कोण?

प्रश्न दिसायला लहान आहे. पण आपल्या सांप्रदायिक मंडळींत घरमालकही पुष्कळ आहेत आणि भाडेकरूही. शिवाय आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात उतरणारा प्रत्येक वारकरी चार दिवस का होईना, कोणाच्या तरी ओसरीचा भाडेकरू असतोच. तेव्हा ह्याचा थोडा विचार करू.

पहिल्याने थोरल्या मुलाचे म्हणणे पाहू. ते सरसकट खोटे म्हणता येणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पुष्कळ जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून टाकले. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला रस्त्यावर फेकले जाऊ नये म्हणून ते केले, आणि ते योग्यच होते. पण महागाई वाढत गेली, भाडे जिथल्या तिथे राहिले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ देऊ केली. परंतु मुळात जे भाडे चहाच्या पैशांइतके, त्याचे ४ टक्के किती होणार? तेव्हा प्रत्येक घरमालक गब्बर असतो आणि प्रत्येक भाडेकरू गांजलेला असतो, असे समजण्याचे कारण नाही. कित्येक ठिकाणी भाडेकरूने उपनगरात स्वतःचे घर घेतलेले असते आणि वाड्यातल्या खोलीला नुसते कुलूप असते. अशाला दिवाळीचे ताट पाठविण्याचे कर्तव्य घरमालकावर आहे काय? नाही. भेट हे कर्तव्यच नव्हे. कर्तव्य झाले की ती भेट उरत नाही, ते देणे होते.

ह्या ‘देणे’ शब्दाशीच खरी गोम आहे.

दिंडीतले उदाहरण घ्या, म्हणजे चटकन उलगडेल. वारीला निघताना आपण दिंडीप्रमुखांकडे भिशी भरतो. त्या भिशीतून दोन वेळचे जेवण, तंबू, सामानाची गाडी ह्यांची व्यवस्था होते. वाटेत एखादे गाव पिठले-भाकरीच्या पाट्या घेऊन उभे राहते, ते मात्र अन्नदान. आता समजा, एखाद्या दिंडीप्रमुखाने भिशी पुरती घेतली, वाटभर पातळ आमटी वाढली, आणि बारशीला पारण्याच्या पंगतीत शिरा वाढून “हे माझ्याकडून अन्नदान” असे जाहीर केले. त्याला आपण दाता म्हणू काय? म्हणू, “बाबा, हा आमच्याच भिशीतला शिरा.”

घरमालकाचे तसेच आहे. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे नीट ठेवणे कायद्याने त्याच्याकडे आहे. भाड्याची पावती देणे त्याच्याकडे आहे. पाणी, वीज अडवून धरू नये हेही त्यातच आले. हे सारे देणे. छप्पर गळते आहे, संडासाचे दार निखळले आहे, आणि दिवाळीला केशरी पेढ्यांचा पुडा घरोघर पोहोचला, तर तो पुडा कशातून आला? जे पत्रे बदलायचे राहिले त्यांच्या पैशातून. म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचे घेऊन त्यालाच भेट दिली.

तुकोबारायांच्या चरित्रातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत सोडली. पण त्यातला एक बारकावा आपण कीर्तनात ऐकतो आणि विसरतो. बंधू कान्होबांच्या वाट्याची खते त्यांनी आधी वेगळी काढून त्यांच्या हाती दिली, आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. जे आपले नाही त्याचा त्याग करता येत नाही. भावाच्या कागदांवर उदार होणे त्यांना सोपे होते, पण ते त्यांनी केले नाही. आधी वाटणी, मग वैराग्य. आपल्यासारख्या संसारी माणसाने एवढे जरी घेतले तरी पुष्कळ: आधी देणे, मग देणगी.

आता धाकट्याचा विचार. पाकीट द्यावे म्हणजे उपकार लक्षात राहतील. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या इच्छेने दिलेले ते राजस, आणि घेणाऱ्याचा मान न राखता, अवहेलनेने दिलेले ते तामस. पाकिटाची योजना राजसात बसते हे उघडच आहे. पण मला वाटते, ती तामसातही जाते. कारण तीत भाडेकरूला नोकर समजले आहे.

आपल्याकडे दिवाळीच्या देण्याला दोन जुने शब्द आहेत, आणि ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. एक पोस्त. पोस्टमन, घरकामाची बाई, रात्रीचा गुरखा ह्यांना दिवाळीत जे देतात ते पोस्त. वर्षभर त्यांनी आपल्यासाठी कष्ट केले त्याची ती आठवण. त्यात वाईट काही नाही, ते अवश्य द्यावे. पण पोस्त वरून खाली येते, आणि परत जात नाही. दुसरा शब्द फराळाचे ताट. ते शेजारी जाते. त्यावर क्रोशाचा रुमाल असतो, आणि ते रिकामे परत धाडायचे नाही अशी रीत असते. कोणाच्या घरी चिरोटे नसले तर दोन लाडू, तेही नसले तर चिमूटभर साखर घालून ताट परत येते. भाडेकरू आपल्या घरी राबत नाही. तो दाम मोजून राहतो. त्याला पोस्त देणे म्हणजे त्याची पायरी एक उतरवणे. त्याला ताट पाठवता येते.

ही पायरी उतरवण्याची गोष्ट थट्टेवारी नेऊ नये. जमिनीचा मालक आणि कूळ ह्यांच्यामधल्या ‘भेटी’चा इतिहास आपल्याच प्रांतात फार जुना नाही. कोकणात खोताच्या घरी कुळाने सणावाराला भाजीपाला, कोंबडी नेऊन द्यायची आणि शिवाय फुकट राबायचे. नाव भेटीचे, आणि दिली नाही तर जमीन जायची धास्ती. ह्या जाचाविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातल्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला. जमीन पडीक राहिली, पोटाला चिमटे बसले, पण ते मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती बंद करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्या काळी भेट खालून वर जात होती, धाकट्याच्या पाकिटात ती वरून खाली येते. दिशा पालटली, पण गाठ तीच. ज्याच्या हातात आपले छप्पर आहे त्याच्या भेटीला “नको” म्हणता येत नाही. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याने “हो” म्हटले ह्याला काय किंमत?

मग बळीराजाचे काय, असे कोणी विचारील. दिवाळीच्या पाडव्याला आपण त्याचे स्मरण करतो. साऱ्या पृथ्वीचा मालक, आणि याचकाला तीन पावले जमीन देताना त्याने पुढचा हिशेब मांडला नाही. गुरूने सावध केले तरी शब्द मागे घेतला नाही. तीन पावलांत सर्वस्व गेले, तरी लोक आजही त्याचेच राज्य परत यावे म्हणतात. पाडव्याला दिलेल्या पाकिटात पुनर्बांधणीच्या सहीचा हिशेब घालणे, म्हणजे त्या दिवसाचा अर्थच उलटा करणे होय.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईत आज खोली शोधणाऱ्या पोराला पहिला प्रश्न विचारतात तो आडनावाचा. मग खाण्याचा. मग “जागा गेली हो कालच.” हे विचारणाऱ्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेले नाहीत, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. अकरा महिन्यांच्या कराराने राहिलेला विद्यार्थी जागा सोडतो तेव्हा रंगरंगोटीच्या नावाखाली त्याची अनामत दाबून ठेवतात, तेही ह्यातलेच. महाद्वारी नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून तिच्याखाली चोखोबांचा देह गेला, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे आपण परंपरेने ऐकत आलो. त्या समाधीवर डोके टेकून घरी यायचे आणि दारात उभ्या असलेल्याला आडनाव विचारून परत लावायचे, अशाने दिवाळीला काय वाटावे ह्याचा विचारच करू नये. त्याने प्रथम दार उघडावे. ती पहिली भेट.

आता भाडेकरूंनाही दोन शब्द. धर्म एका बाजूचा नसतो. भाडे वेळेवर देणे, जागा आपली समजून वापरणे, पण आपली समजून बळकावणे नाही, हे तुमच्याकडचे देणे. गरज संपली असता नुसत्या कायद्याच्या आधाराने खोलीला कुलूप घालून ठेवणे हे गरजवंताचे छप्पर अडवणे आहे. ते ताट परत पाठवताना त्यात कितीही चिरोटे घातले तरी भरल्यासारखे दिसणार नाही.

एवढे सगळे बोलून झाल्यावर त्या गृहस्थांना मी एकच गोष्ट विचारली. “तुमच्या वाड्याचा जिना कसा आहे हो?”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “तीन पायऱ्या कुजल्या आहेत. दोन पावसाळे झाले. वरच्या आजी भिंतीला धरून उतरतात.” थोड्या वेळाने म्हणाले, “पण बुवा, सारा वाडा दुरुस्त करायचा तर माझ्याकडे तेवढे नाही.”

मी म्हटले, “साऱ्या वाड्याचे कोण विचारतो? जे जमत नाही ते जमत नाही म्हणून पाचही बिऱ्हाडांना एकत्र बसवून सांगा. वह्या दाखवा. ते वर्गणी काढतील, न काढतील. पण तीन पायऱ्यांना सुतार लागतो, कर्ज लागत नाही.”

कार्तिकीला ते वाळवंटात भेटले. पायऱ्या धनत्रयोदशीच्या आत झाल्या होत्या. पाकिटे कोणाला गेली नाहीत. ताटे मात्र नेहमीप्रमाणे गेली, आणि ज्या एका बिऱ्हाडाशी कोर्टात दावा चालू आहे तिथेही गेले. थोरला चिडला होता. त्या बिऱ्हाडातून ताट परत आले ते रिकामे नव्हते. दावा अजून चालूच आहे. चालू द्या. दाव्याचा निकाल कोर्ट करील, ताटाचा कोर्टाशी संबंध नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. घरमालकाने भाडेकरूस दिवाळीची भेट द्यावी काय? देणे फिटले असेल, मनात सहीचा हिशेब नसेल, आणि परत आलेले ताट आनंदाने घेता येत असेल, तर अवश्य द्यावी. नसेल, तर आधी ते पाहावे. वारीत दोन वारकरी भेटले की कोण मोठा, कोण लहान, कोण घरवाला, कोण बिऱ्हाडकरू हे न बघता दोघेही एकमेकांच्या पायांवर वाकतात. एकच वाकला तर ती आपली रीत नव्हे. जी भेट देऊन झाल्यावर दोघांनाही असे वाकता येईल ती भेट खरी.

रामकृष्ण हरि.