सायकलची फ्रेम आणि ‘तीच’ असण्याचा प्रश्न

सायकलची फ्रेम बदलणे म्हणजे जुन्या सायकलचे सगळे भाग उतरवून ते नव्या सांगाड्यावर चढवणे. पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावांत खारी हवा पोलादी नळ्यांना गंज चढवते. सांध्यापाशी तडा गेला की चाके, हँडल, चेन धडधाकट असूनही सायकल निकामी होते. अशा वेळी पाने, हातोडी आणि ग्रीसचा डबा घेऊन हे काम घरच्या ओट्यावरही करता येते. काम संपल्यावर मात्र एक प्रश्न उरतो: समोर उभी आहे ती जुनीच सायकल की दुसरी? भारतीय दर्शनांनी रथ, वस्त्र, घट अशा वस्तूंच्या निमित्ताने शतकानुशतके वाद घातला तो याच प्रश्नावर.

आधी चाके निघतात, मग चेन, पायडल, क्रँक आणि बीबीचा (बॉटम ब्रॅकेटचा) एक्सल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते उलट्या दिशेने सोडवावे लागते. त्यानंतर ब्रेक, सीट आणि हँडल उतरवून शेवटी पुढचा चिमटा काढतात. वाट्यांमधले छर्रे पुसून वेगळे ठेवतात. नव्या फ्रेममध्ये वाट्यांचे माप आणि आटे जुळले, तरच हे भाग तिच्यावर बसतात. अर्धे काम झालेले असताना भिंतीला टेकलेली जुनी फ्रेम, जमिनीवर मांडलेले भाग आणि कोरी फ्रेम अशा तीन गोष्टी दिसतात. त्यांपैकी एकीलाही कोणी ‘सायकल’ म्हणत नाही. संध्याकाळी मात्र सायकल असते. कागदोपत्री ती दुसरी ठरू शकते, कारण कारखान्याचा क्रमांक फ्रेमवर कोरलेला असतो. मालक मात्र बसल्याबरोबर म्हणतो, ‘ही माझीच.’

ग्रीक परंपरेत हा प्रश्न प्लुटार्कने सांगितलेल्या थिसिअसच्या जहाजाच्या रूपाने येतो. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यावर ते जहाज तेच राहते का, यावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष होते. टॉमस हॉब्ज याने 1655 मध्ये त्याला पेच जोडला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या जपून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? फ्रेम बदलणे हे हॉब्जच्या दुसऱ्या जहाजाच्या जवळ जाते. येथे बदल हळूहळू होत नाही. बहुतेक भाग एकाच दिवशी घर बदलतात आणि ज्याच्यावर ते उभे होते तेच मागे राहते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळे मिळून रथ का, की या सगळ्यांहून वेगळे काही? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असे येते. निष्कर्ष असा की भागांच्या विशिष्ट मांडणीला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ, आणि ‘नागसेन’ हेही तसेच नाव आहे. या मताप्रमाणे ‘तीच सायकल का’ या प्रश्नाला वस्तूत उत्तर नसते. ते नाव वापरणाऱ्यांच्या सोयीत असते.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर उत्पन्न होतो आणि तो अवयवांत समवाय म्हणजे अविभाज्य संबंधाने राहतो. न्यायसूत्रांत त्यासाठी धारण आणि आकर्षण यांचा आधार दिला आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते. जोडलेली सायकल सीटला धरून उचलली की चाकांसकट उचलली जाते. जमिनीवरच्या ढिगातले हँडल उचलले, तर हातात हँडलच येते. या सिद्धांताची किंमतही न्यायपरंपरेने चुकवली आहे. एक अवयव गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. फाटलेल्या वस्त्राच्या जागी ‘खंडपट’ नावाचे दुसरे वस्त्र उत्पन्न होते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. काटेकोर बोलायचे तर या हिशेबाने टायर बदलला तरी सायकल नवी, मग फ्रेम बदलल्यावर ती नवी हे वेगळे सांगायला नको.

जैन दर्शन दोन्ही टोके टाळते. सत् वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकाच वेळी असतात, असे तत्त्वार्थसूत्र मानते. समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट होतो. घट हवा असलेला खिन्न होतो, मुकुट हवा असलेला आनंदतो आणि सोने हवे असलेल्याला दोन्ही सारखेच. सायकलही फ्रेमच्या दृष्टीने नवी, भागांच्या दृष्टीने जुनी. मात्र कोणत्या दृष्टीने बोलत आहोत हे न सांगता दिलेले उत्तर अपुरे राहते.

फ्रेम बदलण्याशी सर्वांत जवळची धार्मिक कल्पना पुनर्जन्माची आहे. गीतेतला जुने वस्त्र टाकण्याचा दृष्टांत सर्वांना ठाऊक असतो, पण सांख्यांचे विवेचन अधिक बारकाईचे आहे. बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रिये आणि पाच तन्मात्रे अशा अठरा घटकांचे लिंगशरीर एक स्थूल देह सोडून दुसऱ्या देहाचा आश्रय घेते, असे ते मानतात. म्हणजे सांगाडा मागे राहतो आणि जुळलेला संच पुढे जातो. त्या संचाबरोबर संस्कारही जातात. यंत्रातही याचे प्रतिरूप आहे. वापराने चेनच्या पिना झिजून ती लांबते, आणि फ्रीव्हीलचे दाते तिच्या मापाने झिजतात. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते, म्हणून ही जोडी शक्यतो एकत्र बदलतात. दोन्ही नव्या फ्रेमवर एकत्र गेली, तर त्यांची जुनी सवयही सोबत जाते. मालकाला पायडलखाली जी ओळख पटते ती बरीचशी या सवयीची असते.

हा विचार विधीतही उतरला आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात अधिक आषाढाच्या काही ठरावीक वर्षी ‘नवकलेवर’ होतो. 1996 आणि 2015 मध्ये तो झाला. कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवून जुन्या मूर्तींतील ‘ब्रह्मपदार्थ’ त्यांत ठेवतात आणि जुन्या मूर्तींचे दफन करतात. भाविकांच्या दृष्टीने देव तोच असतो, कलेवर मात्र नवे.

‘तीच की दुसरी’ या वादाला एवढे महत्त्व येते ते कर्मामुळे. करणारा टिकत नसेल, तर केलेल्याचे फळ वाया जाते आणि न केलेल्याचे दुसऱ्याला भोगावे लागते. यांना कृतनाश आणि अकृताभ्यागम हे दोष म्हणतात. नागसेन त्यावर आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतो. मालकाने लावलेली कोय वेगळी आणि आपण नेलेले आंबे वेगळे, असा बचाव चालत नाही, कारण दुसरे पहिल्यातूनच आले. तीच व्यक्ती नसली तरी प्रवाह अखंड असला की जबाबदारी राहते. नैयायिक याच ठिकाणी सायकल आणि माणूस यांत रेघ ओढतात. सायकलला अवयव आहेत, म्हणून ती नष्ट होते. आत्मा निरवयव, म्हणून नित्य. ‘जे मी पाहिले त्यालाच मी स्पर्श करतो’ हे ज्ञान पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच असल्याशिवाय होत नाही. सायकलची ओळख दुसऱ्याला पटवून घ्यावी लागते, माणसाला स्वतःची ओळख आतून पटते. म्हणून सायकलीचा दृष्टांत देहापर्यंत चालतो, ज्ञात्यापर्यंत चालेलच असे नाही.

दृष्टांत समाजालाही लागू पडतो, आणि त्याची दोन्ही रूपे गव्हाणच्या परिसरात आढळतात. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी भूसंपादन झाले. गव्हाणच्या गावठाणाची जागा तीच राहिली, पण भोवतालच्या शेतजमिनींचा वापर आणि लोकांचे व्यवसाय पालटले. येथे फ्रेम राहिली आणि भाग बदलले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी मात्र तरघर, कोंबडभुजे, उलवे यांसह दहा गावे उठली आणि त्यांतील कुटुंबांचे वडघर, करंजाडे, वहाळ भागात पुनर्वसन झाले. येथे घराणी आणि देव नव्या जमिनीवर चढवले गेले. पहिल्या प्रकारात सातत्य जागेचे आहे, दुसऱ्यात माणसांच्या परस्परसंबंधांचे. महसुली नकाशाला पहिले पुरते. लग्नाची सोयरीक जुळवताना मात्र गाव विचारले जाते ते दुसऱ्या अर्थाने. ओट्यावर उभ्या असलेल्या सायकलचेही तसेच आहे: क्रमांकाच्या नोंदीत ती दुसरी, चालवणाऱ्याच्या पायाला तीच.