शील हुकुमाने देता येते काय?



विहारात पंचशील ग्रहण करताना पहिली चार शीले आपण खड्या आवाजात म्हणतो, आणि पाचव्यापाशी काही पुरुषांचे आवाज खाली येतात. मागच्या ओळीत बसून ज्याने कान दिला असेल त्याला हे ठाऊक आहे. दीक्षा घेऊन ज्यांना वर्ष-दोन वर्षेच झाली अशा कुटुंबांत तर हा रोजचा प्रश्न असतो. बापाची दारू पुरती सुटलेली नाही आणि मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला आहे. त्याला कोणी अडवावे? आणि कशाने अडवावे? धाकाने, समजावून, की कायद्याने?

हा प्रश्न केवळ आपल्या वस्तीचा नाही. अमेरिकेत तो कोर्टामार्फत सोडविण्याचा यत्न झाला आहे. तो यत्न नीट तपासला तर आपल्या घरातल्या प्रश्नावर बराच उजेड पडतो. म्हणून आधी थोडे तिकडे पाहू.

त्या देशात माणूस अठराव्या वर्षी मत देतो, सैन्यात जातो; परंतु एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत त्याला बिअरची बाटली विकत घेता येत नाही. १९८४ साली तेथील मध्यवर्ती सरकारने कायदा केला की, जे राज्य याहून लहान मुलांना मद्य विकत घेऊ देईल त्याच्या महामार्गांच्या निधीतला काही भाग कापला जाईल. १९८८ पर्यंत सर्व राज्ये या वयावर आली. या कायद्यामागे शीलाची चिंता नव्हती. रस्त्यावर मरणाऱ्या पोरांची चिंता होती. वय वाढविल्यावर तरुण चालकांचे अपघात घटले, असे तेथील अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसून आले आहे. हे आधी मान्य करू या. कारण "मन बदलल्याशिवाय कायद्याचा काय उपयोग?" असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते बहुधा स्वतः पिणारे असतात.

आता टेक्सास राज्याचे उदाहरण घ्या. एकवीस वर्षांखालचा मुलगा मद्यासह सापडला आणि दोष सिद्ध झाला, तर ५०० डॉलरपर्यंत दंड, पहिल्या वेळी ८ ते १२ तास समाजसेवा आणि ३० दिवस गाडी चालविण्याचा परवाना बंद. याखेरीज कोर्ट त्याला मद्यविषयक शिक्षणाच्या वर्गाला पाठविते. वर्ग सहा तासांचा असतो. मद्याने शरीराचे काय होते, गाडी हाकताना हात आणि डोळे कसे दगा देतात, कायदा काय म्हणतो, हे तेथे शिकवितात. वर्ग पुरा केल्याचा दाखला ९० दिवसांत कोर्टापुढे ठेवायचा. न ठेवल्यास परवाना आणखी काही महिने अडकू शकतो.

नुसता दंड घेऊन सोडण्यापेक्षा शिकवून सोडावे, कोठडीऐवजी बाकावर बसवावे, या विचारात करुणा आहे. पण दाखला कशाचा मिळतो? सहा तास बसल्याचा. मुलाचे मन त्या खोलीत होते की घड्याळाच्या काट्यावर, हे दाखल्यावर लिहिलेले नसते. मद्यविषयक संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेने २००२ साली महाविद्यालयीन मुलांच्या पिण्यावर एक अहवाल काढला. नुसती माहिती देणारे वर्ग, त्यांना दुसऱ्या कशाची जोड नसेल तर, निष्फळ ठरतात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुलाला यकृताचे चित्र काढता येते आणि शनिवारी तो पुन्हा पितो.

मग कशाचा उपयोग झाला? वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी रीत बसविली. मुलाला एकट्याला समोर बसवायचे. तू किती पितोस, कोणासोबत, त्यानंतर काय घडले, तुला पुढे काय व्हायचे आहे, असे शांतपणे विचारायचे. आपल्या बरोबरीची सगळीच मुले खूप पितात, असा त्याचा समज असतो. खरे आकडे त्याच्यापुढे ठेवायचे. उपदेश करायचा नाही. पिणे कमी का करावे याचे कारण त्याच्याच तोंडून यावे लागते. नियम मोडताना पकडलेली, म्हणजे सक्तीने धाडलेली मुलेही या संवादाला येतात, आणि तरीही नुसत्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम बरा दिसला आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हुकूम मुलाला दारापर्यंत आणू शकतो. आत पाऊल टाकायचे ते त्यानेच.

आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम अमुक कर असे सांगतो आणि माणूस सवयीने किंवा भीतीने ते करतो. तत्त्व त्याला तोलून पाहण्याची दृष्टी देते. निर्णय त्याला स्वतः घ्यावा लागतो, आणि म्हणून त्या कृत्याची जबाबदारीही त्याचीच होते. जिथे जबाबदारी नाही तिथे धर्म उरत नाही, नुसता हुकूम उरतो, हा बाबासाहेबांच्या विवेचनाचा रोख आहे. आता पाचव्या शिलातील शब्द पाहा. 'समादियामि' म्हणजे मी ग्रहण करतो. तेथे आज्ञा करणारा कोणी नाही. भन्तेजी म्हणवून घेतात, परंतु घेणारा मीच. 'सिक्खापद' या शब्दात शिक्षण आहे, शिक्षा नाही.

मनावर सक्ती चालत नाही, हे अमेरिकेच्या न्यायालयांनीही एका बाबतीत मान्य केले आहे. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात एका श्रेष्ठ शक्तीला शरण जावे लागते. हवाईमध्ये अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या आणि पॅरोलवर सुटलेल्या एका बौद्धाला अशा कार्यक्रमाला जाण्याचा हुकूम झाला. त्याने नकार दिला आणि त्याचा पॅरोल रद्द झाला. २००७ साली वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की अशी सक्ती राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, आणि अधिकाऱ्याला हे माहीत असायला हवे होते. व्यसन सोडविण्यासाठीसुद्धा राज्य कोणाला देवापुढे उभे करू शकत नाही. ज्यांनी नुकतेच देव घराबाहेर ठेवले त्यांना या निर्णयाचे मोल सांगायला नको.

तर मग कायद्याने हात आखडते घ्यावेत आणि मुलाचे मन आपोआप वळण्याची वाट पाहावी काय? मला हे पटत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला आपण 'तूच ठरव' म्हणून सोडले तर त्याच्या वतीने गुत्तेवाला ठरवितो. रस्त्यावर मेलेला मुलगा शील घेऊ शकत नाही. त्याला आधी जिवंत ठेवणे हे नियमाचे काम आहे, आणि ते लहान काम नव्हे. टेक्सासच्याच कायद्यात एक चांगली तरतूद आहे. सोबत्याला दारू बाधली म्हणून जो अल्पवयीन मुलगा आधी मदतीला फोन करतो, तेथेच थांबतो आणि आलेल्यांना सहकार्य करतो, त्याला प्यायल्याबद्दल शिक्षा होत नाही. खरे बोलण्याची किंमत कायद्याने कमी केली. आपल्या घरांत ती केवढी असते? "दादा प्यायला, मी पाहिले" असे धाकट्याने सांगितले तर पहिली चपराक कोणाला बसते?

त्याच कायद्यात एक विसंगतीही आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आई-बापांच्या डोळ्यांदेखत मुलगा प्यायला तर टेक्सासात तो बचाव ठरतो. आणि अठराखालचा मुलगा दोषी ठरला तर त्याच्याबरोबर वर्गाला बसा, असा हुकूम कोर्ट आई-बापांनाही देऊ शकते. एका कलमाने बापाच्या हाती पेला ठेवला आणि दुसऱ्याने त्याला मुलाच्या शेजारी बाकावर बसविले.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न १९ मे २०२४ रोजी पुण्यात उभा राहिला. सतरा वर्षांच्या मुलाने मद्य पिऊन भरधाव मोटार हाकल्याचा आरोप झाला. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटी घातल्या. त्यांत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता, समुपदेशन आणि व्यसनमुक्तीचे उपचारही होते. लोक संतापले ते निबंधावर, आणि ते साहजिक होते. दोन घरांतली कर्ती मुले गेली आणि पलीकडे एक पान लिहून आणायचे! पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप त्याच्या आई-वडिलांवर आणि सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांवर ठेवण्यात आला. त्याचा निवाडा न्यायालयाचा आहे, आपला नव्हे. परंतु पोलीस ठाण्यात दोन हजार सरकवून पोराला सोडवून आणणारा बाप आपल्या वस्तीतही असतो, आणि तो मुलाला जे शिकवितो ते कोणत्याच वर्गात पुसले जात नाही.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात मंडळाला मुलाबरोबर पालकांचेही समुपदेशन करता येते. त्याच कायद्याच्या ७७व्या कलमाप्रमाणे वैद्यकीय कारणाशिवाय मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हळदीच्या रात्री "घे रे, आता मोठा झालास" म्हणून पुतण्याच्या हाती पेला देणारे काका या कलमात बसतात. मांडवात बाबासाहेबांची तसबीर असली तरी बसतात.

घरात बाप हेच पहिले न्यायालय असते. ज्याने स्वतः शील घेतले नाही तो हुकूम देऊ शकतो, दंड करू शकतो, परंतु शील देऊ शकत नाही. जो सोडण्याच्या खटपटीत आहे त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने मुलापुढे निर्व्यसनीपणाचा आव आणू नये. "मला हे जड जाते आहे, तरी मी रोज नव्याने घेतो" इतके म्हणावे. सहा तासांच्या वर्गात हे वाक्य कोणी उच्चारत नाही.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मुलाला जवळ बसवा आणि विचारा, पाचवे शील म्हणताना तुझ्या डोळ्यांपुढे घरातल्या कोणाचा चेहरा येतो? तो ज्याचे नाव घेईल ते ऐकून घ्या. त्या वेळी त्याला काही समजावू नका.