सावली कोणाची?

अकोल्याच्या जुन्या शहरात घरं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी आहेत. राजराजेश्वराचं देऊळ, असदगड आणि मोर्णेचा काठ यांच्या आसपासच्या बोळांत भिंती सामाईक, मोऱ्या सामाईक अन् भांडणंही सामाईक. मालमत्ता पत्रकावर प्रत्येकाचे चौरस मीटर लिहिलेले असतात. सावली मात्र कोणाच्याच नावावर चढलेली नसते.

आमच्या मागच्या सांदवाडीत ऊन बारापर्यंतच. सूर्य कलला की पश्चिमेच्या शेजाऱ्यांच्या निंबाची सावली भिंत ओलांडून येते. पुस्तकात लिहितात की झाडाला ऊन पाहिजे. खरं आहे, पण वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारचं ऊन कोवळ्या झाडाला भाजून काढतं. म्हणून नर्सरीवाले हिरवी जाळी बांधतात. आमची जाळी निंबाची, फुकटातली. माघ-फाल्गुनात तो पानं गाळतो, अन् उन्हाचा कडाका पडेस्तोवर नव्या पालवीनं पुन्हा दाट होतो.

त्या सावलीत अडुळसा आहे, मोरीच्या ओलीवर ब्राह्मी आहे, पान ओवा आहे, गवती चहा आहे. गुलबक्षी वरून वाळते, पण तिचे कंद मातीत जिवंत राहतात. पाऊस पडला की पुन्हा फुटतात. मोगऱ्याला तेवढं ऊन लागतं, म्हणून तो सकाळचं ऊन जिथं जास्त वेळ राहतं तिथं लावलेला. वर्षावर्षाला पेरावं लागत नाही असं हे सगळं. बोळीत कोणाचं लेकरू खोकलं की बाया अडुळशाची पानं न्यायला येतात.

यंदा शेजारी म्हणाले, निंब तोडायचा. पानांनी पन्हाळी तुंबते, मूळ भिंतीत शिरलं. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते अन् लोकांना हरकत घेता येते. मी मायला म्हटलं, आपण हरकत घेऊ.

माय म्हणाली, "हरकत कायची घेतो रे? चाळीस वर्सं आपन सावली घेतली, तवा त्याईनं हरकत घेतली काय? आंधी फडा घे अन् त्याईचं आंगन झाड."

मी विचारात पडलो. त्या निंबावर दोन वनस्पती आहेत. गुळवेल आधार घेते, पण तिचं मूळ तिच्या स्वतःच्या मातीत असतं. लिंबावरची गुळवेल औषधाला चांगली, असं जुनी माणसं म्हणतात. वरच्या फांदीवर बांडगूळ आहे. हिरवं तेही दिसतं, फूल त्यालाही येतं, पण त्याचं मूळ फांदीतच घुसलेलं. खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

कोणी म्हणेल, इतक्या वर्षांच्या वहिवाटीनं आमचा हक्क झाला. मला तसं वाटत नाही. एवढी वर्षं घेत राहिल्यानं हक्क वाढत नाही, देणं वाढतं. पण झाड त्यांचं, म्हणून त्यांनी वाटेल ते करावं, हेही मला पटत नाही. निंब गेला तर अडुळसा जळेल, अन् खोकणाऱ्या लेकराची माय रिकाम्या हातानं परत जाईल. तिचंही यात काही आहे. मात्र तिच्या नावानं बोलायचं तर आधी ओझ्याला खांदा दिला पाहिजे. नुसती हरकत घेणं सोपं आहे, बांडगुळालाही ते जमेल.

म्हणून शेजाऱ्यांना सांगून आलो : पानगळीचा केर आमच्याकडे, पन्हाळी साफ करणं आमच्याकडे, भिंतीचा अर्धा खर्च आमचा. भिंतीवर रेलणाऱ्या फांद्या परवानगी काढून छाटू. मग निंबाचं तुम्ही ठरवा.

ते म्हणाले, "पाहू, पावसाळा जाऊ द्या."

हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. माय रोज फडा घेऊन त्यांच्या अंगणात जाते. अन् अडुळसा मागायला आलेल्या बाईला आम्ही पानं मोजून देत नाही. दुसऱ्याच्या सावलीत वाढलेलं पुरतं आपलं नसतंच.