दिसणें आणि असणें

प्रबंधाच्या बाह्य रूपाविषयीं विद्वानांत सामान्यतः अनास्थाच असते. विचार शुद्ध असला म्हणजे झालें; समास किती सोडावा आणि मथळा कोणत्या ठशांत असावा ही लेखनिकाची बाब, असें पुष्कळजण म्हणतात. या म्हणण्यांत तथ्यांश आहे. सुबक मांडणीनें पोकळ विचार भरीव होत नाहीं. तथापि मांडणीचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. संगणकावर वर्डसारख्या साधनानें प्रबंध लिहितांना प्रकरणाचा मथळा दोन रीतींनीं करितां येतो. पहिली रीत अशी कीं, ती ओळ निवडून तिचीं अक्षरें ठळक व मोठीं करावीं. दुसरी अशी कीं, त्या ओळीस 'हेडिंग' ही स्टाइल लावावी. म्हणजे ही ओळ मथळा आहे असें यंत्रास सांगावें. छापील कागदावर दोहोंत तिळमात्र भेद दिसणार नाहीं. परंतु पहिल्या रीतीचा मथळा हें केवळ सोंग होय. यंत्राकडून अनुक्रमणिका करवूं गेल्यास तींत तो येत नाहीं; मग ती हातानें टंकावी लागते, आणि पुढें मध्येंच चार परिच्छेद घातले कीं तींतील पृष्ठांक खोटे ठरतात.

कोणी विचारील, 'परीक्षकाच्या हातीं कागद जातो. त्यास जें दिसत नाहीं तें करण्याचें बंधन कशासाठीं?' प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर अशा वाचकापाशीं आहे, ज्यास कागदच दिसत नाहीं. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या साहाय्यानें प्रबंध ऐकतो. मथळे खरे असतील तर तो एका कळीसरशी प्रकरणामागून प्रकरण ओलांडून हवें तेथें पोंचतो. नुसते ठळक केलेले मथळे त्याच्या लेखीं नसल्यासारखेच. त्यास ओळीमागून ओळ ऐकत चांचपडावें लागतें. डोळसांस जें सोंग पुरतें, तें त्याच्या कामीं येत नाहीं.

ही दृष्टि नवी नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ यांनीं आपल्या ग्रंथाचीं मुद्रितें पाहून असंतुष्ट होऊन १९७७ सालीं 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास आरंभ केला. पुढील दशकांत लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं तिच्या पायावर 'लाटेक' उभारली. तींत हें प्रकरण, हें प्रमेय, ही तळटीप, एवढें लेखकानें सांगावें आणि दिसण्याची व्यवस्था प्रणालीवर सोंपवावी, असा श्रमविभाग आहे.

अदृश्य नीटनेटकेपणास गुण मिळत नाहींत, हें खरें. पण प्रबंध लिहिणाऱ्याचा वाचकाशीं एक अलिखित करार असतो: जें जसें म्हणून दाखविलें, तें तसेंच आहे. हा करार सिद्धान्तापुरता पाळावा आणि मथळ्यापुरता मोडावा, यास आम्हांस कांहीं आधार दिसत नाहीं.