चेहऱ्याची अमानत

छायाचित्र जायज की नाजायज, हा वाद आपल्या घरांतून पुष्कळ झाला. म्यानमारकडे पाहताना मला त्याहून अवघड सवाल पडतो. टिपलेला चेहरा कुणाची अमानत?

तिथे १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली. २००७ मध्ये यांगूनमधली निदर्शने टिपणारे जपानी पत्रकार केंजी नागाई गोळीला बळी पडले. २०११ पासून पकड सैलावली, २०१२ मध्ये छपाईपूर्व सेन्सॉरशिप उठली आणि कॅमेरे चहाच्या दुकानांत शिरले. प्लास्टिकची ठेंगणी स्टुले, गालांवर थनाखाचा पिवळट लेप, लुंगी नेसलेले पुरुष, हसणारे चेहरे. या चित्रांना कुणी उथळ म्हणतात. मला पटत नाही. निर्धास्तपणे चहा पिणे हीही नेमत आहे.

पण ती सर्वांच्या वाट्याला आली नाही. २०१२ च्याच हिंसाचारानंतर राखाइनमधले लाखाहून अधिक लोक, बहुतेक रोहिंग्या, छावण्यांत गेले. २०१७ मध्ये इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना गुडघ्यांवर बसवून फोटो काढला गेला; मग त्यांना ठार केले. पुढच्या वर्षी रॉयटर्सने तो प्रसिद्ध केला. बांगलादेशच्या छावण्यांतल्या नातलगांनी त्यातली आपली माणसे ओळखली. ते चेहरे झाकले असते, तर तीच खयानत ठरली असती.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. नाक्यांवर फोन तपासले जाऊ लागले, लोक आपलीच छायाचित्रे पुसू लागले. चहाच्या दुकानात 'काढू का?' म्हटल्यावर ज्यांनी मान हलवली, त्यांनी ती तेव्हाच्या राज्यात हलवली होती. आता त्यांना पुन्हा विचारायला कोण जाणार?