नवा संचालक आणि दोन रुपयांचा शेअर

शेअर बाजाराचा विषय रविवारच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जी कुजबुज चालते, तीत जमिनीचे भाव आणि परदेशातील नोकऱ्या यांच्या जोडीला हल्ली शेअरही येऊन बसला आहे. "अमुक कंपनीचा शेअर दोन रुपयांना मिळतोय, संचालक मंडळावर मोठा माणूस आलाय, आताच घेऊन ठेव." सांगणारा ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

पैसे गुंतवणे हे ख्रिस्तसभेने कधी पाप मानलेले नाही. तालांतांच्या दाखल्यात धन्याने रागे भरले ते पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकरालाच; निदान सावकाराकडे तरी ठेवायचे होतेस, असे तो त्याला सुनावतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या आपल्या परिपत्रकात मात्र एक गोष्ट स्पष्ट केली: पैसा इथे लावायचा की तिथे, हा निर्णय नेहमीच नैतिक निर्णय असतो. तेव्हा लावावा की नाही एवढेच विचारून भागत नाही. आपण नेमके काय विकत घेत आहोत, हेही विचारावे लागते.

आधी एक साधा हिशेब. दोन रुपयांचा शेअर स्वस्त असतोच असे नाही. कंपनीचे 100 कोटी शेअर असतील तर त्या भावाने सगळ्या कंपनीची किंमत 200 कोटी रुपये होते. कंपनी तेवढ्या मोलाची नसेल, तर दोन रुपयेही महागच. शिवाय असा शेअर पडू लागला, की दिवसाची ठरलेली मर्यादा गाठून तो तिथेच अडकतो. विकणारे रांगेत उभे आणि घेणारा एकही नाही, असे दिवसच्या दिवस चालते.

मग नव्या संचालकाच्या नावाला काही अर्थ नाही का? अर्थ आहे, आणि त्याचे मोठे उदाहरण सत्यम कंप्युटर्सचे. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील हजारो कोटींची रोकड खोटी असल्याची कबुली दिली. आदल्या दिवशी पावणेदोनशे रुपयांच्या वर असलेला शेअर शुक्रवारी, 9 तारखेला मुंबई शेअर बाजारात काही काळ 11 रुपये 50 पैशांपर्यंत घसरला. सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त केले आणि रविवारी दीपक पारेख, किरण कर्णिक व सी. अच्युतन यांची नेमणूक केली. सोमवारी शेअर 30 रुपयांच्या वर गेला. एप्रिलमध्ये टेक महिंद्रने 58 रुपये भावाची बोली लावून कंपनी घेतली. हजारो घरांची चूल विझली नाही, यात त्या नव्या मंडळाचा वाटा मोठा होता.

पण या गोष्टीचा पहिला भाग लोक विसरतात. जुन्या मंडळावरही काही सामान्य माणसे नव्हती. हार्वर्डचे प्राध्यापक होते, भारत सरकारचे माजी कॅबिनेट सचिव होते. सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कारभाराबद्दल कंपनीला पुरस्कारही मिळाला होता! नावे थोर होती, तरी खोटे हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. नव्या मंडळाच्या बाबतीत वेगळे काय होते? खोटेपणा उघड झाला होता आणि तो निस्तरण्याचे काम नेमून देऊन त्यांना बसवले होते. आपल्या कानावर येणाऱ्या "मोठ्या माणसा"ला कोणते काम नेमून दिले आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असते का?

त्या सोमवारी दोघांनी एकाच भावाने शेअर घेतला असे समजू. एकाला वाटले, ही माणसे कंपनी सावरतील, आपण थांबू. दुसऱ्याला कंपनीशी कर्तव्य नव्हते. आपल्यामागून आणखी कोणी भोळा येईल आणि चढ्या भावाने आपला माल उचलेल, एवढीच त्याची आशा. बाहेरून व्यवहार एकच. तरी पहिला कंपनीच्या सुधारणेवर विसंबून आहे आणि दुसरा शेजाऱ्याच्या अज्ञानावर. आमच्या मते नैतिक प्रश्न सगळा इथेच आहे, नफा झाला की तोटा यात नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याच्याच जवळचा प्रश्न घेतला आहे. धान्य महागलेल्या ठिकाणी एक व्यापारी गहू घेऊन येतो. मागून आणखी पुष्कळ गहू येत आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगितले पाहिजे का? संत म्हणतात, चालू भावाने विकले तर तो अन्याय करत नाही; सांगितले किंवा भाव उतरवला तर मात्र त्यात अधिक सद्गुण दिसेल. परंतु मालातच दडलेला दोष असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. मागून येणारा गहू ही उद्याची गोष्ट, दोष हा आजचा. संचालकाच्या आगमनाची वार्ता ही उद्याची गोष्ट झाली. कंपनीवरचे कर्ज, वर्षानुवर्षांचा तोटा हा आजचा दोष. पहिले मोठ्याने सांगून दुसरे गिळणारा माणूस त्या व्यापाऱ्याइतकाही निर्दोष नाही.

जाणूनबुजून खोटे पसरवले जाते तेव्हा तर प्रश्नच उरत नाही. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल 2022 मध्ये यूट्यूबवर चित्रफिती आल्या. एक मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार, असे त्यांत सांगितले होते. हजारो लहान गुंतवणूकदार धावले. सेबीच्या मार्च 2023 च्या आदेशानुसार त्याच सुमारास काही प्रवर्तकांनी आपले शेअर चढ्या भावाने विकले. कॅटेकिझमच्या 2409 व्या परिच्छेदात इतरांचे नुकसान करून लाभ उठवण्यासाठी कृत्रिमरीत्या भाव फिरवणे अनीतीचे ठरवले आहे. 2413 वा परिच्छेद जुगाराविषयी आहे. स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे पैसे ज्यात जातात, तो खेळ तिथे अमान्य आहे. मुलीच्या फीसाठी ठेवलेली रक्कम बायकोला न सांगता दोन रुपयांच्या शेअरमध्ये घालणाऱ्याला हा परिच्छेद पुरे. व्यवहार घरात सांगावासा वाटत नाही, यातच बरेचसे उत्तर आले.

आपल्या वसईत 1918 पासून कॅथॉलिक सहकारी बँक आहे. तिथला संचालक मिस्साला आपल्या शेजारच्या बाकावर बसतो, आणि भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत शेअर तितकी मते. लहान भागधारकाचा आवाज क्षीण, पण तो आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला 2022 पासून नव्या संचालकासाठी साधारण तीन महिन्यांत भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. त्या मतदानाची ई-मेल किती जण उघडतात? स्वतंत्र संचालक मुदतीआधी सोडून गेला तर त्याचे सविस्तर कारणही कंपनीला शेअर बाजाराकडे कळवावे लागते आणि ते कोणालाही वाचता येते. आवारातल्या बातमीत कोण आला हे नेहमी असते, कोण गेला हे नसते.

पुढच्या रविवारी कोणी अशी बातमी कानात सांगितली, तर रागावू नये. "तू स्वतः हा शेअर कधी आणि किती भावाने घेतलास?" एवढे प्रेमाने विचारावे. आणि सांगणारे आपणच असू, तर हे न विचारताच सांगून टाकावे.